चौकात चार स्टॉप साइन का नकोत: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

‘दोन मुलांची आई’ एवढीच सही तुम्ही केली आहे, म्हणून ताई म्हणतो. आमच्या कॅलिफोर्नियातल्या वस्तीत एका चौकात चारही बाजूंना स्टॉप साइन (गाडी पूर्ण थांबवायला सांगणारी लाल पाटी) लावा अशी मागणी आहे, आणि मी मागच्या लेखात तिला विरोध केला होता. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन-चारशे डॉलरच्या पाटीसाठी शहराचे इंजिनियर आकडे मागतात, वर्षात पाच अपघात झाल्याशिवाय हलत नाहीत, मी त्यांची वकिली करतो, पुण्यात सोसायटीवाले एका रात्रीत स्पीडब्रेकर टाकून मोकळे होतात.

वकिली मी अर्धीच करतो. उरलेल्या अर्ध्यात मी तुमच्याच बाजूचा आहे, ते पुढे येईल.

आधी पाच अपघात. १२ महिन्यांत ५ अपघात हा, रस्त्यावर कुठली पाटी कुठे लावावी ते सांगणाऱ्या सरकारी नियमपुस्तिकेतला एक निकष आहे, एकमेव नाही. दुसरा वर्दळीचा: मोठ्या रस्त्यावर ताशी सरासरी ३०० गाड्या आणि आडव्या रस्त्याने गाड्या, सायकली, पादचारी मिळून ताशी २००, तेही दिवसातले आठ तास. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला येणारी गाडी दिसतच नसेल, तर त्या कारणावरही चार पाट्या लावता येतात. म्हणजे कोणी जखमी होईपर्यंत थांबा असं पुस्तक सांगत नाही. काही अधिकारी तसं वागतात हे खरं. अर्ज परत पाठवायला आकडा हाताशी असला की बरं पडतं.

पण वर्दळीचा निकष उगाच नाही. चार बाजूंच्या स्टॉपवर लोक खरंच थांबतात ते समोर दुसरी गाडी आपल्या पाळीची वाट बघत असते म्हणून. पोलिसाच्या धाकाने थांबणारे थोडे. आडव्या रस्त्याने अर्ध्या तासात एखादी गाडी येत असेल, तर रोज तिथून जाणारा माणूस आठवड्याभरात शिकतो की इथे कोणी नसतं. मग ब्रेकवर नुसता पाय टेकवून तो पुढे सरकतो. ‘कॅलिफोर्निया रोल’ म्हणतात त्याला, राज्याचं नाव लागलंय यातच काय ते समजा. आणि तुमच्या मुलाला मात्र आपण शिकवलेलं असतं की लाल पाटी आहे, गाडी थांबणार. मला भीती या जोडीची आहे. पाटी नसलेल्या चौकात मूल निदान बिचकत तरी रस्ता ओलांडतं.

शिवाय तुमची मूळ तक्रार वेगाची आहे. स्टॉप साइनने वेग कमी होतो तो पाटीच्या आसपास. पुढे दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात लोक गाडी पुन्हा दामटतात, आणि मुलं खेळतात ती त्याच पट्ट्यात. वेगाला आळा घालण्यासाठी स्टॉप साइन वापरू नये, असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. वर्दळ दोन्हीकडे सारखी असेल तिथे याच चार पाट्या अपघात चांगलेच घटवतात, याबद्दल वाद नाही. आपला चौक तसा नाही.

आता तुमची बाजू. वेगमर्यादा ठरवण्याची इथली जुनी रीत मला अजिबात पटत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजायचे, शंभर गाड्या चढत्या क्रमाने मांडल्या तर पंच्याऐंशीवी ज्या वेगाने जाते त्याच्या जवळचा पाचाच्या पटीतला आकडा पाटीवर लिहायचा. म्हणजे रस्ता रुंद आणि सरळ बांधून लोकांना पळवायचं, आणि ते पळाले की तेच प्रमाण मानायचं. कॅलिफोर्नियात यावर कायद्याची आणखी एक गाठ होती: ठरावीक मुदतीत केलेल्या वेगाच्या पाहणीने मर्यादा योग्य ठरलेली नसेल, तर बऱ्याच रस्त्यांवर रडारने वेग मोजून केलेला दंड कोर्टात टिकत नाही. त्यामुळे लॉस एंजेलिससारख्या शहराने काही रस्त्यांवरच्या मर्यादा चक्क वाढवल्या, का, तर पोलिसांना रडार लावता यावं! २०२१ च्या एबी ४३ कायद्याने ही गाठ थोडी सैल केली. अपघातप्रवण रस्त्यांवर आणि दुकानांच्या भागात शहरांना आता मर्यादा खाली आणता येते.

त्याने फरक पडतो. एएए या अमेरिकी वाहनचालक संघटनेच्या फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासात पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ताशी २३ मैलांच्या धडकेला १० टक्के, ३२ ला २५ टक्के आणि ४२ ला ५० टक्के आहे. बॉस्टनने २०१७ मध्ये मर्यादा ३० वरून २५ केली, तर ३५ च्या वर पळणाऱ्या गाड्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं. सरासरी वेग फारसा हलला नाही, पण माणसं मारतात ती वरची टोकाची वाहनं.

पुण्याच्या टोल्याबद्दल एवढंच: इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. इथला बारा फुटी हंप जवळजवळ त्याच मापाचा. रात्रीत टाकलेला डांबराचा उंचवटा मात्र स्कूटरवरच्या माणसाचा मणका मोडतो आणि एसयूव्हीवाल्याला जाणवतही नाही.

तेव्हा अर्जात ‘स्टॉप साइन हवी’ असं लिहू नका. कोपऱ्याला लागून उभ्या असलेल्या गाड्यांमुळे काही दिसत नाही, हे लिहा. एबी ४१३ या राज्याच्या कायद्याप्रमाणे क्रॉसवॉकच्या (पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायच्या जागेच्या) अलीकडे, गाडी येते त्या बाजूला, २० फुटांत पार्किंगला बंदी आहे, क्रॉसवॉकचे पट्टे रंगवलेले नसले तरी. २०२५ पासून त्याचा दंडही होतो, पण फुटपाथची कड लाल रंगवलेली नसेल तर कोणी ते पाळत नाही. ती रंगवून मागा. न्यू जर्सीतल्या होबोकेनने कोपरे असेच मोकळे केले, इतरही पुष्कळ केलं, आणि जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. सोबत मधल्या पट्ट्यात हंप मागा, आणि वेग मोजायचा तर तिथेच मोजा असा आग्रह धरा, चौकात नको.

हे सगळं होऊनही कोपऱ्यावरून गाडी दिसत नसेल, तर दिसण्याचा निकष लागू होतो. मग चार पाट्यांच्या अर्जावर माझीही सही घ्या.