टेम्प्लेटच्या कामाला वेळ द्या, आणि त्याचे पैसेही

माझ्या कोटेशनमधली ‘टेम्प्लेट तयार करणे’ ही ओळ सगळ्यात आधी खोडली जाते. ‘मॅडम, लोगो टाकलेली वर्डची फाइल आहे की आमच्याकडं!’ कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांची मॅन्युअलं लिहिते, त्यामुळं हे सतत ऐकते. मला ते अजिबात पटत नाही.

लोगो टाकलेली फाइल म्हणजे लेटरहेड. टेम्प्लेटमध्ये हेडिंग, नंबरच्या पायऱ्या, धोक्याची सूचना, टेबल, चित्राखालची ओळ, प्रत्येकाची स्टाइल, म्हणजे फॉन्ट, साइझ, जागा यांचं एका नावाखाली साठवलेलं सेटिंग, आधी ठरलेली असते. पंपाचंच घ्या. ‘कपलिंग गार्ड काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करा’ ही सूचना एका पानाच्या तळाशी राहिली आणि गार्ड काढायची पायरी पुढच्या पानावर गेली तर? फिटर मॅन्युअल पहिल्यापासून वाचत बसत नाही. तेलकट हातानं हवं ते पान उघडतो आणि वरच्या ओळीपासून कामाला लागतो. सूचनेच्या स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’वर टिक केली, की वर कितीही मजकूर वाढला तरी ती सूचना आपल्या पायरीसोबतच राहते. टिक करायला क्षण लागतो. ती कुठं करायची हे ठरवायला जुनी मॅन्युअलं चाळावी लागतात, फिटरशी बोलावं लागतं. वेळ जातो तो तिथं.

मराठी प्रतीचं तर विचारूच नका. वर्डच्या एकाच स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि साइझ वेगळी, देवनागरीची वेगळी. इंग्रजीचंच सेटिंग केलं, तर मराठी मजकूर हलत नाही. लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ ठेवून आकडा कमी पडला, की रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. टेबलच्या ओळीची उंची पक्की बांधली असेल, तर शेवटचे शब्दच गायब. म्हणून टेम्प्लेट तपासायचं ते कारखान्यातलं सगळ्यात किचकट मॅन्युअल त्यात ओतून, आणि मराठीतलंच. दोन परिच्छेदांच्या नमुन्यावर सगळंच छान दिसतं.

अतिही नको. ऐंशी स्टाइलचं टेम्प्लेट कुणी वापरत नाही, लोक गुपचूप जुनी फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करतात. आयबीएममध्ये जन्मलेलं आणि 2005 साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं मानक म्हणून स्वीकारलेलं डिटा, म्हणजे मजकूर छोट्या सुट्या तुकड्यांत लिहून पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत, ताकदवान आहे, पण चार मॉडेलच्या कारखान्याला नीट बांधलेलं वर्ड पुरतं. मात्र टेम्प्लेटला मालक हवा. स्टाइल वाढवायची की नाही, हे एकाच माणसानं ठरवावं.

शंका असेल तर आजच आपल्या मॅन्युअलची फाइल उघडा. एखाद्या हेडिंगवर क्लिक करा आणि वर स्टाइलचं नाव बघा. तिथं ‘नॉर्मल’ दिसलं, तर ते हेडिंग फक्त बोल्ड केलेली ओळ आहे. अनुक्रमणिका हातानं टाइप केलेली असणार, आणि एक पान वाढलं की पुढचे सगळे आकडे पुन्हा कुणीतरी बसून बदलत असणार. त्या माणसाचा पगार कोणत्या कोटेशनमध्ये धरता?