वरच्या बटांना कात्री लागत राहिली तर लेयर संपणार कसे?

लेयर कट (वरचे केस आखूड, खालचे लांब) बिघडला की काय करावं, याचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. रीलमध्येही तोच ऐकू येतो, शब्द तेवढे इकडचे तिकडे. दर सहा आठवड्यांनी सगळीकडून थोडं थोडं ट्रिम करा, केस दुप्पट वेगाने वाढतील. तीन महिन्यांत लेयर आपोआप सारखे होतील. कांद्याचा रस, तेल आणि डोकं खाली करून मालीश, यांनी महिन्याला दोन इंच वाढ मिळेल. बायोटिन घ्या. तोवर पार्लरमध्ये केस सपाट करणारी केराटिन ट्रीटमेंट करून घ्या म्हणजे लेयर दिसणारच नाहीत. कापायचे तर पौर्णिमेला कापा. आणि काहीच जमलं नाही तर एकदा सगळे उतरवून टाका, दाट येतील.

यातल्या एखाददुसऱ्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर मजकूर टिकून आहे. पण जिचे केस खरंच बिघडलेत तिने तो इमानेइतबारे पाळला, तर वर्षभराने ती होती तिथेच असेल. म्हणून एकेक दावा घेऊ. पहिल्यावर जास्त वेळ लागेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

"ट्रिम केल्याने केस लवकर वाढतात, म्हणून दर सहा आठवड्यांनी सगळीकडून करा."

केस वाढतो मुळाशी, टाळूच्या आत. बाहेर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्यात रक्त नाही, नस नाही, त्यामुळे टोक कापलं गेल्याचं मुळाला कळायला मार्गच नाही. वाढीचा वेग सरासरी महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला साधारण 15 सेंटिमीटर. कोणाचा थोडा कमी, कोणाचा थोडा जास्त, पण तो अनुवंश, वय आणि तब्येत यांवर ठरतो, कात्रीवर नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच पुरुषांच्या दाढीवर हे मोजून पाहिलं होतं. वस्तऱ्याने ना वाढीचा वेग बदलला, ना केसाची जाडी.

मग ट्रिमिंग निरुपयोगी का? नाही. टोकांना फाटे फुटले की ते वर वर चिरत जातात आणि केस मधेच तुटतो. मुळाशी सेंटिमीटर वाढला आणि टोकाशी सेंटिमीटर तुटला, तर आरशात काहीच बदल दिसत नाही. फाटे वेळेवर काढले की वाढलेली लांबी हाती राहते, आणि 'ट्रिम केल्यावर केस वाढायला लागले' असं वाटतं. दाव्यात खरं आहे ते एवढंच.

घात करणारा शब्द आहे 'सगळीकडून'. सहा आठवड्यांत केस वाढतात दीडपावणेदोन सेंटिमीटर. पार्लरमध्ये 'थोडंसंच घ्या' म्हटल्यावर किती जातं, हे मी सांगायला नको. म्हणजे जमा तेवढाच खर्च. त्यात लेयर वाढवायचे म्हणजे वरच्या आखूड बटा वाढवायच्या, आणि नेमक्या त्यांनाच दर वेळी कात्री लागते. भरीला 'शेप नीट करून देते' असं म्हणत हौसेने लेयर पुन्हा ताजे करून दिले जातात. त्यात पार्लरवालीचा दोष कमीच. तुम्ही ट्रिम म्हणालात, तिने आहे त्या कटचं ट्रिम केलं.

लेयर पडतात कसे, ते एकदा समजून घेतलं की काय मागायचं ते कळतं. केसांची बट डोक्यापासून वर उचलून ताणून धरली आणि कापली, की खाली सोडल्यावर वरचे केस आखूड पडतात, खालचे लांब राहतात. जितकं जास्त उचलाल तितका फरक मोठा. उलट केस खाली विंचरून, न उचलता, मानेवर सपाट ठेवून कापले तर सगळी टोकं एका रेषेत येतात. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचं: 'लेयरला हात लावू नका. केस उचलू नका. फक्त खालची रेषा सरळ करा.' थिनिंगची दातेरी कात्रीही नको. ती बटेतले काही केस मधूनच कापते. त्याने केस हलके वाटतात खरे, पण प्रत्यक्षात शंभर ठिकाणी नवे आखूड केस तयार होतात, आणि तेही पुढे वाढवायचे तुम्हालाच.

"तीन महिन्यांत लेयर आपोआप सारखे होतील."

हे तर साध्या वजाबाकीलाही टिकत नाही. समजा वरच्या लेयरची टोकं हनुवटीशी आहेत आणि सगळ्यात लांब केस पाठीवर, तिथून 25 सेंटिमीटर खाली. तीन महिन्यांत वरचे तीनचार सेंटिमीटर वाढतील. आणि खालचे? तेही तेवढेच. अंतर 25 होतं, 25च राहिलं. कात्री न लावता वर्षभर थांबलात तरी 25. दोन्ही केस एकाच वेगाने वाढत असतील तर वरचा खालच्याला गाठणार कसा? (खालचे केस त्यांच्या कमाल लांबीला पोचून थांबले तर गोष्ट वेगळी, पण तेवढी वाट बघायला वर्षं लागतात.)

फरक मिटवायचा एकच रस्ता आहे. वरचे वाढू द्यायचे आणि खालचे अडवून धरायचे. खालची रेषा आहे तिथेच ठेवायची ठरवली, तर दर अडीचतीन महिन्यांनी तेवढ्यात वाढलेले तीनचार सेंटिमीटर फक्त खालून कापायचे. 25 सेंटिमीटर भरून यायला एक वर्ष आणि आठनऊ महिने लागतील. लांबीचा थोडा मोह सोडून आजच खालून 10 सेंटिमीटर कापले, तर उरतात 15, म्हणजे एक वर्ष. खांद्यापर्यंतचे केस चालणार असतील तर आणखी कमी, कारण हनुवटीपासून खांद्यापर्यंत यायला बहुतेकींना सातआठ महिने पुरतात. किती लांबी सोडायची आणि किती थांबायचं हा सौदा ज्याचा त्याने करावा. पण 'तीन महिने' हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मधला काळ कठीण जातो, तो वेणीमुळे. आखूड बटा साध्या वेणीत राहत नाहीत, पेडांतून कुसळांसारख्या बाहेर येतात. कपाळापासून केस घेत जाणारी सागरवेणी त्यांना बऱ्यापैकी धरून ठेवते. कानाजवळच्या बटांना चाप लागतोच. त्या बसाव्यात म्हणून रोज घट्ट पोनी मात्र ओढून बांधू नका. कपाळाच्या कडेचे केस त्या ताणाने तुटतात, आणि आखूड केसांत आणखी भर पडते.

एक गोष्ट हा मजकूर लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. डोक्यावर उभे राहणारे सगळेच आखूड केस लेयरचे नसतात. बाळंतपण, डेंग्यू, टायफॉइड किंवा कुठलाही मोठा ताप येऊन गेला की दोनतीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि त्या जागी नवे उगवतात. ते सगळे एकाच वेळी आलेले असल्यामुळे भांगाजवळ आणि कपाळाशी ताठ दिसतात. अशा वेळी पार्लरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. केस हातात धरून पाहा: टोक निमुळतं असेल तर तो नवा उगवलेला, बोथट असेल तर कापलेला किंवा तुटलेला.

"कांद्याचा रस, तेल आणि उलटं डोकं करून मालीश: महिन्याला दोन इंच."

दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर, नेहमीच्या वेगाच्या चौपट. तेल लावून चौपट वाढ होत असती, तर आपल्याकडे रविवारी डोक्याला तेल चोपडून बसणाऱ्या कित्येक पिढ्यांचे केस जमिनीला टेकले असते.

कांद्यामागे एक खरा अभ्यास आहे, म्हणून त्याला चिकटून बसतात. 2002 साली बगदादमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चाई पडलेल्या काही रुग्णांच्या टाळूला कांद्याचा रस लावून पाहिला आणि अनेकांच्या चट्ट्यांवर केस परत आले. अभ्यास छोटा होता आणि चाईत कित्येकदा केस आपले आपण परत येतात, हे बाजूला ठेवू. मुख्य म्हणजे चाई हा आजार आहे. तुमचे लेयर हा आजार नाही. मुळं ठणठणीत आहेत, केस फक्त कापलेले आहेत. रसाने टाळूची आग होते, वास दोन दिवस जात नाही आणि हनुवटीशी असलेली बट हनुवटीशीच राहते.

तेलाचं म्हणणं थोडं ऐकून घ्यायला हवं. मुंबईत 2003 साली एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, बाकी दोन तेलांनी ते होत नाही, असं त्यात दिसलं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता, हे लक्षात ठेवून वाचावा. तरी निष्कर्ष पटण्याजोगा आहे, कारण खोबरेलमधलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असतं आणि ते आत जाऊ शकतं. म्हणजे आजीचं न्हाण्याआधीचं तेल टोकं तुटण्यापासून वाचवेल. वेग वाढवणार नाही. एरंडेल केसांना चकाकी देतं, पण इतकं चिकट असतं की धुताना होणाऱ्या ओढाताणीत केस तुटण्याचीच शक्यता जास्त. आणि डोकं खाली लोंबकळत ठेवून चार मिनिटं मालीश केल्याने वाढ चौपट होते, याला कसलाच आधार नाही. चक्कर मात्र येऊ शकते.

"बायोटिन घ्या."

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते अंडी, दाणे, डाळींतून मिळतं. बाजारातल्या गोळ्या 5,000 किंवा 10,000 मायक्रोग्रॅमच्या असतात. कमतरता असेल तर उपयोग होतो, पण खरी कमतरता फार विरळा. धडधाकट माणसाचे केस त्याने वेगाने वाढतात असा पुरावा नाही. उलट रक्ताच्या तपासण्यांत ते गोंधळ घालतं. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात त्या ट्रोपोनिनचेही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळी सुरू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. केस खरोखर गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता बायोटिनच्या कमतरतेपेक्षा कितीतरी जास्त आढळते.

"केराटिन करून घ्या, लेयर दिसणार नाहीत."

होतं बरोबर उलटं. लहरी आणि कुरळे केस एकमेकांत मिसळतात, त्यात पायऱ्या लपून जातात. तेच केस सपाट आणि चकचकीत केले की कुठली बट कुठे संपते ते लांबूनही मोजता येतं. वाईट लेयर झाकायचे असतील तर केसांची नैसर्गिक लहर हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात दमट हवेने केस फुलतात, एरवी त्यावर आपण वैतागतो, पण या एका बाबतीत ती हवा आपल्या बाजूची आहे.

शिवाय 'केराटिन' नावाखाली जे लावतात त्यात केस सरळ करण्याचं काम केराटिन करत नाही. अनेक मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या कित्येक बाटल्यांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2024 साली एका तरुणीची नोंद छापून आली. या आम्लाच्या उत्पादनाने केस सरळ केल्यावर दर वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. दुर्मीळ असेल, पण बिघडलेल्या कटसाठी हा धोका कशाला? त्यात कोरड्या, आधी रंगवलेल्या केसांवर 200 अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री पुन्हा पुन्हा फिरली की टोकं तुटतात, आणि लांबीचा हिशेब परत मागे जातो.

"पौर्णिमेला कापा."

पार्लरमध्ये गर्दी नसेल त्या दिवशी कापा. पार्लरवालीला वेळ असतो, रेषा सरळ येते.

"नाहीच जमलं तर सगळे उतरवून टाका, दाट येतील."

याचं मूळ जावळात आहे. जावळ काढल्यावर बाळाला दाट, काळे केस येतात हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. पण बाळाचे जन्मतःचे मऊ केस पहिल्या वर्षात तसेही गळतात आणि त्या जागी जाड केस येतात. जावळ काढा वा न काढा. मोठ्या माणसाच्या बाबतीत कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत आणि दाट लागतं. केसांची संख्या मुळांवर ठरते, आणि साधारण एक लाख मुळं घेऊनच आपण जन्मतो. वस्तरा फिरवून त्यात एकही वाढत नाही.

कापून टाकण्याला माझा विरोध नाही. सगळ्यात आखूड लेयर जिथे संपतो तिथे सरळ बॉब करून घेतला, तर 25 सेंटिमीटरचा फरक एका दुपारी मिटतो आणि पुढचे सगळे केस एकत्र वाढतात. मात्र तो बॉब केस न उचलता कापलेला हवा, मागून 'स्टॅक' केलेला, म्हणजे मागचे केस उचलून पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला नको. नाहीतर मानेवर नवे लेयर सुरू होतील. केस कुरळे असतील तर कोरडे असताना कापायला सांगा. ओले करून ताणून कापले की वाळल्यावर चारपाच सेंटिमीटर वर चढतात, आणि मानेशी मागितलेला बॉब कानाशी येतो.