डावीकडे म्हणजे उजवीकडे

गाडी मागे घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा अगदी परवापरवापर्यंत समज होता. अडचणीच्या जागेत एका दमात मोटार लावायची आणि खाली उतरून कुणी बघितलं का, याचा हळूच अंदाज घ्यायचा. हा सगळा माज ट्रकमागे जोडलेल्या ट्रेलरने पहिल्याच दिवशी उतरवला.

ट्रक शिकायचं ठरल्यावर जिथे जिथे चौकशी केली तिथे एकच विचारलं, "परीक्षा किती दिवसांत?" तिथेच चुकलं. एका ट्रकमागे शिकणारे किती आणि स्टेअरिंग प्रत्यक्ष हातात किती तास, हे विचारायला हवं होतं. आमच्या ट्रकला आम्ही चौघे. म्हणजे पाऊण वेळ बाकावर. बाकाबद्दल तशी तक्रार नाही म्हणा. तिथे बसून ट्रेलर मागे घेणं फार सोपं असतं. बाकावरून मी एकदाही चुकलो नाही.

पुढे जाणं बरं जमलं. वळताना ट्रेलरची मागची चाकं कोपरा आतून कापतात, म्हणून जरा पुढे जाऊन मग वळायचं. ट्रेलर जोडला की हलकासा हिसका देऊन तो नीट अडकलाय ना, हे बघायचं. सगळं मुकाट्याने केलं. मग सर म्हणाले, "आता रिव्हर्स."

समोर, म्हणजे मागे, रेघांनी आखलेला एक खण आणि कोपऱ्यांवर प्लॅस्टिकचे शंकू. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची होती. जन्माच्या सवयीने मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. शेपटी शांतपणे उजवीकडे निघाली. मी आणखी डावीकडे फिरवलं, ती आणखी उजवीकडे. डाव्या आरशातून ट्रेलर गायबच झाला आणि उजव्या आरशात एवढा दाटला की त्याच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजून घ्यावेत.

"थांबा! चाकूसारखी मिटतेय गाडी!" सर ओरडले. केबिन आणि ट्रेलर एवढे दुमडले की मागे जाऊन काही सुटत नाही, पुढेच यावं लागतं. त्या दिवशी मी मागे जितका गेलो त्याहून जास्त पुढे गेलो.

सरांनी युक्ती सांगितली. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा आणि शेपटी जिकडे हवी तिकडे तो हात न्यायचा. कारणही सांगितलं : ट्रक ट्रेलरचं नाक एका बाजूला ढकलतो, म्हणून शेपटी दुसऱ्या बाजूला जाते. डोक्याला लगेच पटलं. तो निरोप हातापर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. शिवाय शेपटी वळू लागली की तिथेच खूश होऊन बसायचं नसतं. लगेच उलट फिरवून ट्रकने तिच्या मागे जायचं असतं. लांब ट्रेलर आधी काही ऐकत नाही. आपण चिडून आणखी फिरवतो, मग त्याला आधीचं आणि आताचं सगळं एकदम ऐकू येतं. आखूड ट्रेलर तर त्याहून वाईट, तो मनात आलेलंसुद्धा ऐकतो.

सोबतचा एक जण मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचा. चाकाखाली शंकू चपटा होईपर्यंत येऊ द्यायचा आणि मग म्हणायचा, "बस." शेवटी सरांनी दंडक घातला : शंका आली की ब्रेक लावून स्वतः उतरायचं आणि बघायचं. मला उतरायची लाज वाटायची. सर म्हणाले, "उतरायचे पैसे पडत नाहीत, धडकायचे पडतात." त्यानंतर मी इतका चढलो-उतरलो की माझी तब्येत सुधारली.

मधल्या काळात घरच्या मोटारीवरचाही हात गेला. आता हात आपोआप तळाशी जातो आणि मोटारीला शेपटी नाही हे त्याला कळत नाही. फाटकाला पोचा आला आहे.

पण दहाव्या दिवशी जमलं. हात तळाशी, नजर आरशांवर, दोनदा उतरून पाहिलं, एकदा पुढे घेऊन सरळ केलं आणि अख्खा ट्रेलर दोन रेघांच्या बरोबर मधोमध बसवला. एकही शंकू हलला नाही. ब्रेक ओढला, हवेचा फुस्स आवाज झाला, तो मला टाळ्यांसारखा वाटला. रुबाबात खाली उतरलो. सरांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं, मान डोलावली.

"झकास लावलीत," ते म्हणाले. "आता काढा आणि शेजारच्या खणात लावा. तुमचा तो होता."