पहिला नंबर कुणाचा?

'सर्व्हरच्या पत्त्यात अनधिकृत बदल.' या विषयावर आज माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. सोबत दोन स्क्रीनशॉट, त्यावर लाल गोल: एकाच नावामागच्या तीन सर्व्हरांचे पत्ते, डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची व्यवस्था) दिलेले. पहिल्यात १९२.०.२.१०, मग २०, मग ३०. दुसऱ्यात २०, ३०, १०. तिन्ही पत्ते शाबूत, फक्त जागा बदललेल्या. खुलासा मागणारे ऑडिटचे साहेब स्वतःच खुर्ची ओढून समोर बसले.

"बदल कुणी केला?"

"कुणीच नाही. नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसचं उत्तर देणारा सर्व्हर, पत्ते फिरवून फिरवून देतो."

"कुणाच्या परवानगीने?"

"१९८७ पासून परवानगी आहे. इंटरनेटच्या नियमावल्यांपैकी आरएफसी १०३४ सांगते की एका नावाच्या संचातल्या रेकॉर्डांच्या, म्हणजे नोंदींच्या, क्रमाला अर्थ नाही आणि तो कुणी जपायचीही गरज नाही."

त्यांनी ते टिपून घेतलं. "म्हणजे क्रमाचा नियम आहे."

"क्रम नाही, असा नियम आहे."

"बरं. मग त्या नियमानुसार पहिला कोण?"

मी डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवून दाखवलं. २० सगळ्यात वर आला. पुन्हा चालवलं, ३० सगळ्यात वर. साहेबांनी चष्मा पुसला.

"मध्ये तुम्ही काय दाबलंत?"

"एंटर."

"एंटर दाबल्यावर बदलतं. म्हणजे बदल तुम्हीच करताय."

यावर काय बोलणार! त्यांनी मग डीएनएससेकचा (डीएनएसच्या रेकॉर्डांवर डिजिटल सही करायची सोय) मुद्दा काढला: रेकॉर्डांवर सही असताना क्रम हललाच कसा? प्रश्न बरा होता, हे कबूल करायला जिवावर येतं. सही करणारा आणि तपासणारा दोघेही आधी रेकॉर्ड ठरलेल्या क्रमाने लावून घेतात आणि मगच हिशेब करतात. वाटेत कितीही उलटापालट होवो, सही टिकते. साहेबांचा निष्कर्ष: "म्हणजे ठरलेला क्रम आहे! तो लपवताय." मग त्यांनी तिन्ही पत्त्यांची ज्येष्ठता यादी मागितली आणि वरचा कायमचा गोठवायला सांगितलं.

गोठवा म्हणे. बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये आरआरसेट-ऑर्डर नावाची सोय आहे: सायक्लिक (आळीपाळीने), रँडम (कसाही), आणि फिक्स्ड (कायम एकच) सुद्धा, पण फिक्स्ड हवं तर बाइंड कंपाइल करतानाच तो पर्याय चालू करावा लागतो. एवढं करूनही मधला रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नेमसर्व्हरला विचारणारा) आपल्या कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या उत्तरांतून, देताना स्वतः फिरवू शकतोच. आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमही आपला क्रम लावते. २००३ च्या आरएफसी ३४८४ चा नववा नियम म्हणतो, ज्या पत्त्याचे सुरुवातीचे बिट आपल्या पत्त्याशी जास्त जुळतात, तो वर घ्या. त्यामुळे काही मशीन्सवर एकच सर्व्हर कायम वर बसायचा आणि फिरवाफिरवीचं मातेरं व्हायचं. २०१२ च्या आरएफसी ६७२४ ने त्या तुलनेला मर्यादा घातली, पण नियम काढला नाही. सारांश, डिगमध्ये दिसलेला क्रम तुमच्या प्रोग्रामला मिळेलच असं नाही. दोन उत्तरं ताडून बघायची असतील तर दोन्ही आधी सॉर्ट कमांडने क्रमवार लावून घ्या. तेवढं केलं असतं तर माझी सकाळ वाचली असती.

क्रमच हवा असेल तर मेलसाठीच्या एमएक्स रेकॉर्डमध्ये प्राधान्याचा आकडा असतो, इतर सेवांच्या एसआरव्ही रेकॉर्डमध्ये प्राधान्य आणि वजन दोन्ही. नुसता पत्ता देणाऱ्या साध्या ए रेकॉर्डमध्ये काहीच नाही. बरेच प्रोग्राम यादीतला पहिलाच पत्ता उचलतात, म्हणून तर फिरवायचं, की भार थोडा वाटला जावा. थोडाच. एका रिझॉल्व्हरमागे हजारो लोक असले तर वाटणीही वेडीवाकडीच होते. शिवाय तिघांतला एक सर्व्हर मेला तरी डीएनएसला खबर नसते. मेलेलाही आपली पाळी आली की ऐटीत वर येतो. रेकॉर्ड काढून टाकलं तरी टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) ३०० असेल तर पाच मिनिटं तो कॅशमध्ये जिवंतच, आणि जे प्रोग्राम एकदा विचारून पत्ता मनात धरून बसतात त्यांच्यात रिस्टार्टपर्यंत.

खरा राग अशा प्रोग्रामांचाच येतो. तीन पत्ते हातात असताना पहिल्याने उत्तर दिलं नाही की 'सर्व्हर बंद' म्हणून हात वर. तेही कधी, तर लिनक्सच्या मूळ सेटिंगवर कनेक्ट दोन मिनिटांहून जास्त ताटकळल्यावर. दोन-तीन सेकंदांचा टाइमआउट आणि पुढचा पत्ता घेणारं एक लूप, एवढंच लागतं. काही ब्राउझर तर पाव सेकंदाच्या आसपास वाट बघून पुढच्या पत्त्याकडे वळतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे लूप लिहायला सांगितलं की मात्र उत्तर येतं, "आमच्याकडे पहिलाच पत्ता चालतो."