रेडफर्नला उतरणाऱ्यांसाठी

लेक सिडनी विद्यापीठात शिकते. रेडफर्न हे तिचं स्टेशन, आणि तिचा रोजचा मेसेज ठरलेला असतो, "रेडफर्नला उतरले." दीड वर्ष मी तो वाचला आणि ते कुठल्या तरी झाडाचं नाव असेल असं धरून चाललो. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा कळलं की रेडफर्न हा माणूस होता, आणि त्यातून डॉक्टर. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. ऑपेरा हाउस एकदाच पाहिलं, उरलेले सहा आठवडे रेडफर्नच्या मागे लागलो.

विल्यम रेडफर्न इंग्लंडच्या आरमारात सर्जनचा मदतनीस होता. 1797 साली इंग्लंडमधल्या नोरच्या नांगरतळावर खलाशांनी बंड केलं. त्यात या पोराचा गुन्हा काय, तर बंडवाल्यांना तो म्हणाला, आपापसात जरा एकी ठेवा. झालं, फाशी! मग वय कोवळं म्हणून फाशी टळली. तुरुंगात चार वर्षं काढून 1801 च्या डिसेंबरात स्वारी सिडनीला काळ्या पाण्यावर. पुढे नॉरफोक बेटावर डॉक्टरकी केली आणि 1803 मध्ये माफी मिळाली.

1808 मध्ये त्याला सिडनीत सरकारी नेमणूक द्यायची ठरली, तर कागदपत्रं कुठायत? लंडनची परीक्षा तो पास झालेला, पण दाखवायला पुरावा नाही. तेव्हा तिथल्याच तीन डॉक्टरांनी बसून त्याची परीक्षा घेतली. ऑस्ट्रेलियात वैद्यकीची परीक्षा देऊन पास झालेला पहिला माणूस तो हाच. (माझं सर्व्हिस बुक एकदा सहा महिने गहाळ झालं होतं. शेवटी शेवटी मी खरंच नोकरीला आहे का, अशी मलाच शंका यायला लागली. त्यामुळे या प्रसंगात मी पूर्णपणे रेडफर्नच्या बाजूनं.)

त्यानं जिथं काम केलं ते सिडनीचं 'रम हॉस्पिटल'. सरकारकडे बांधकामाला पैसा नव्हता, म्हणून तिघा कंत्राटदारांना हजारो गॅलन रम आयात करायचा मक्ता दिला आणि बदल्यात इस्पितळ बांधून घेतलं. दारूच्या पैशातून दवाखाना! त्या तिघांतला एक, डार्सी वेंटवर्थ, हा स्वतःच न्यू साउथ वेल्स या वसाहतीचा मुख्य सर्जन. इस्पितळ 1816 मध्ये उघडलं. मधली इमारत पुढे पाडली, पण दोन बाजूच्या उभ्या आहेत. त्यांतल्या एकीत आज तिथली विधानसभा भरते.

माझ्या मते रेडफर्नचं खरं काम मात्र एका अहवालात आहे. 1814 मध्ये कैद्यांची जहाजं सिडनीला लागली ती प्रेतं समुद्रात टाकत टाकत. 'जनरल हेविट'वर 300 पैकी 34 गेले, 'सरी'वर 200 पैकी 36. 'सरी'वर टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) इतका माजला की कप्तानासकट अधिकारी मेले आणि जहाज बंदरात आणायला दुसऱ्या जहाजावरून माणूस घ्यावा लागला. वसाहतीचा गव्हर्नर मॅक्वारी, त्यानं चौकशी रेडफर्नवर सोपवली. स्वतः कैदी म्हणून त्याच वाटेनं आलेला माणूस! पण अहवालात रडगाणं नाही. कपडे किती, पांघरूण कसं, हवा कुठून येते, कैद्यांना डेकवर किती वेळ सोडतात, खालचा डेक धुतात का, धुरी देतात का. आणि मुख्य मुद्दा डॉक्टरचा. त्याचं म्हणणं, कप्तानाच्या मर्जीवर असलेला नवशिका डॉक्टर नको, आरमारातला अनुभवी आणि अधिकार असलेला हवा. लंडननं हे मानलं. 1815 पासून कैद्यांच्या जहाजांवर असे सर्जन नेमायला लागले आणि मृत्यू झपाट्यानं घटले. साथीच्या दिवसांत औषधांपेक्षा संडास आणि पाणी यांची वही जास्त भरलेल्यांना या अहवालाची किंमत कळेल.

घरची कथा आणखी वेगळी. बायको सेरा विल्स. तिचा बाप वाटमारीच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर आलेला, बरोबर बायको आणि ही लहानगी पोर. त्यांचं जहाज 'हिल्सबरो', ज्यावर 300 पैकी 95 कैदी वाटेत मेले. म्हणजे पुढे नवऱ्यानं ज्याबद्दल अहवाल लिहिला, तसल्या जहाजातून ही लहानपणीच वाचून आली होती. 1811 मध्ये लग्न झालं. दोन मुलगे झाले. थोरल्याच्या नावात मॅक्वारी, धाकट्याच्या नावात ज्यानं परीक्षा घडवून आणली तो अधिकारी फोव्हो. शेतवाडीला नाव दिलं कॅम्पबेल फील्ड्स, गव्हर्नरच्या बायकोच्या माहेरच्या आडनावावरून. साहेबांच्या नावानं बारसं करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत!

तरी डाग पुसला गेला नाहीच. मुख्य सर्जनची जागा निघाली तेव्हा यानं एवढी वर्षं राबूनही ती दिली दुसऱ्याला, कारण हा 'माजी कैदी'. 1819 मध्ये त्यानं राजीनामा दिला. मॅक्वारीनं मॅजिस्ट्रेट केलं, तेही लंडननं रद्द केलं. 1821 मध्ये माजी कैद्यांच्या हक्कांसाठी तो स्वतः इंग्लंडला गेला.

लेक म्हणते, "बाबा, बिचाऱ्यावर एवढा अन्याय झाला, आणि तुम्ही अजून काय शोधताय?"

जमीन शोधतोय, बाई. आजचं रेडफर्न उपनगर म्हणजे 1817 मध्ये त्याला मिळालेली शंभर एकर. ती होती गॅडिगल या मूळनिवासी लोकांची, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. ज्या मॅक्वारीच्या घरी यानं बाळंतपण केलं, त्यानंच पाठवलेल्या शिपायांनी 1816 मध्ये सिडनीजवळच्या ॲपिनला किमान चौदा मूळनिवासी मारले, बायकामुलांसकट. कॅम्पबेल फील्ड्स त्याच पट्ट्यात. एका वाक्यासाठी फाशीच्या दारात उभा राहिलेला माणूस या बाबतीत काही बोलल्याचं मला कुठं सापडलं नाही. अन्याय सोसला म्हणून माणसाला दुसऱ्यावरचा दिसतोच असं नाही, एवढंच माझं म्हणणं. 1992 मध्ये पंतप्रधान कीटिंग याच रेडफर्न पार्कात उभे राहून म्हणाले की जमिनी आम्ही घेतल्या, रोग आम्ही आणले, दारू आम्ही आणली. त्याच्या एकवीस वर्षं आधी रेडफर्नमध्येच मूळनिवाशांनी स्वतःचा दवाखाना काढला होता, कारण शहरातल्या इस्पितळांत त्यांना धड वागणूक मिळत नव्हती. तो आजही चालू आहे.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी. सेराचा धाकटा भाऊ होरेशिओ विल्स. 1861 मध्ये क्वीन्सलंडात मूळनिवाशांच्या हल्ल्यात तो आणि बरोबरचे अठरा जण मारले गेले. बदला म्हणून गोऱ्यांनी शेकडो मारले. त्याचा मुलगा टॉम त्या दिवशी सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या जन्मदात्यांपैकी एक तो हाच टॉम विल्स, रेडफर्नच्या बायकोचा भाचा. लहानपणी तो जाब वुरुंग या मूळनिवासी जमातीच्या मुलांत खेळला, त्यांची भाषा बोलायचा. बाप मारला गेल्यावर पाचच वर्षांनी, 1866 च्या बॉक्सिंग डेला (26 डिसेंबर), मेलबर्नच्या मैदानात मूळनिवाशांचा संघ घेऊन कोण उतरला? हाच. का उतरला ते मला अजून नीट उमगत नाही, आणि सोप्या उत्तरांवर माझा विश्वास नाही.

त्या संघात जॉनी मलाघ होता. दोन वर्षांनी मूळनिवाशांचा संघ इंग्लंडला गेला, त्यातही तो चमकला. 2020 पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला त्याच्या नावाचं पदक देतात. आकार त्या संघाच्या पट्ट्याच्या बक्कलाचा. पहिलं पदक आपल्या अजिंक्य रहाणेच्या गळ्यात पडलं. ॲडलेडला आपण छत्तीसवर गडगडलो, त्यानंतरची ती कसोटी मी रोज पहाटे पाचला चहा घेऊन पाहिली होती, पण बक्कलाकडे काही नीट बघितलं नाही. 112 वर तो रनआउट झाला त्याबद्दल मी अजून जडेजाला बोल लावत बसलो होतो.