आज काही नाही

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली ओळ हीच. २३ जानेवारी, आज काही नाही. २४ जानेवारी, आज काही नाही. २५, कुत्र्यांचे माग, बाकी काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या पुळणीवर सहा हंगाम मी कासवमित्रांच्या, म्हणजे कासवांची घरटी शोधून राखणाऱ्या गावच्या माणसांच्या, मागून फिरतेय आणि शंभर पानी वहीतली सत्तरेक पानं असल्याच ओळींनी भरलीत. मुलगा हसतो. म्हणतो, आई, काही नाही हे लिहायला तू पहाटे साडेचारला उठतेस?

हो, उठते. आणि त्यावरच आज लिहायचंय, कारण परवाच्या कासवाची पिल्लं समुद्रात सोडण्याच्या कार्यक्रमाचे फोटो बघून डोकं जरा फिरलंय.

फोटो छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. (फ्लॅशबद्दल आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, हे दर वर्षी दोरीपाशी उभं राहून घसा फोडून सांगावं लागतं.) पर्यटकांवरही राग नाही. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेची मंडळी समुद्र गरुडांच्या पाहणीसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासला गेली होती, तेव्हा वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली, आणि तिथून संस्थेचे भाऊ काटदरे आणि गावकऱ्यांनी हे काम उभं केलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक मुक्कामाला येऊ लागले, घरातल्या बाईच्या हातात पैसे आले. जी माणसं अंडी उकरून न्यायची, त्यांच्याच घरची पोरं रात्री घरटी राखायला लागली. हे सगळं पर्यटकांशिवाय झालं नसतं, मला मान्य आहे.

पण पिल्लं सोडण्याच्या त्या एका सकाळच्या मागे ज्या शंभर सकाळी असतात, त्यांचं काय?

सांगते कसं असतं ते. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आमच्याकडे अंडी घालायला येणारं समुद्री कासव, त्याची मादी वर चढली की वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा माग उमटतो. एक जाताना, एक येताना. मागाच्या टोकाला वाळू विस्कटलेली. आमचा कासवमित्र तिथे गुडघ्यावर बसतो आणि काठी हलक्या हाताने टोचत जातो. कडक, कडक, कडक, आणि एका जागी काठी भसकन आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हाताने उकरायचं. दीड फूट खाली, ओलसर, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी पांढरी अंडी, शंभर, कधी सव्वाशे. तिने ठेवली तशीच, न फिरवता, तिथलीच थोडी वाळू घालून बादलीत घ्यायची आणि ऊन चढायच्या आत हॅचरीत, म्हणजे पुळणीवरच्या कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त, म्हणून हॅचरीवर सावली कधी घातली तेही मी लिहून ठेवते.

कधी माग असतो, वर चढलेला, अर्धवर्तुळ घेऊन परत गेलेला, आणि घरटं नसतं. मादी आली आणि अंडी न घालताच फिरली. कुत्रा भुंकला असेल, हॉटेलचा दिवा असेल, वाळूत काही आडवं आलं असेल. पूर्वी हे कुणी लिहीतच नसे. घरटं नाही ना, मग काय लिहायचं!

समजा, गेल्या वर्षी आमच्याकडे बारा घरटी सापडली आणि यंदा आठ. लगेच बातमी येते, कासवं घटली. अहो, पण गेल्या वर्षी किती पहाटा फिरलात आणि यंदा किती? मधे दोन लग्नं झाली, एक पालखी झाली, एकाच्या पायाला काच लागली. घरटी कमी झाली की फेऱ्या कमी झाल्या, हे "आज काही नाही" लिहिलेल्या वहीशिवाय कळणार कसं? ज्या दिवशी फिरलो आणि दिसलं नाही तो दिवस वेगळा, ज्या दिवशी फिरलोच नाही तो वेगळा. वहीत दोन्ही रिकामे सोडले की दोन्ही सारखेच दिसतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही, ठेच लागून शिकले. पहिल्या दोन हंगामांच्या वह्या मी एका संस्थेच्या माणसांना विश्वासाने दिल्या. छायाप्रत काढून परत करतो म्हणाले. अहवाल निघाला, गुळगुळीत कागदाचा, आत "स्थानिकांच्या मदतीने" अशी एक ओळ, आणि वह्या गेल्या त्या गेल्याच. पुढच्याच पावसाळ्यानंतर पुळणीच्या दक्षिण टोकाला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय निघाला. दगडांची भिंत उभी राहिली की मादी वर चढणार कुठून? सभेत आम्ही सांगितलं, इथे कासवं येतात. समोरून शांतपणे प्रश्न आला, नोंद आहे का? होती. आमच्याच अक्षरात होती, पण आमच्यापाशी नव्हती.

तेव्हापासून माझी अट आहे. वही गावात राहील, हवा असेल तो फोटो काढून नेईल, आणि त्यातून जे निघेल ते मराठीत परत येऊन देवळासमोर वाचून दाखवेल. काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

आणि नोंद ठेवणारा कुणाला म्हणायचं, हेही एकदा बोलूच. मागे शहरातून एक गट खडपावरचे, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचे, जीव बघायला आला. उत्साही मुलं, फोनवर आयनॅचरलिस्ट (जिवांचे फोटो टाकून नोंद करायचं ॲप), पायात चांगले बूट. रविवारी दुपारी बाराला आले, आणि दिवस अमावास्येचा! कालवं काढणारी आमची काकी बांधावर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. पोरं ज्या खडपावर समुद्रफुलं बघायला आली होती, त्यावर तेव्हा पुरुषभर पाणी. मग काकीच त्यांना सहाच्या ओहोटीला घेऊन गेली. एका दगडापाशी उभी राहून म्हणाली, "तीन वर्सा झाली गो, ह्या अंगाला कालव धरीतच नाय. त्या अंगाला धरता." मुलांपैकी एकीनेच ते लिहून घेतलं. बाकीचे खेकड्याचा फोटो काढत होते.

काकीची कोयती त्याच दगडांवर चाळीस वर्षं चाललीय. तिच्याकडे फोटो नाही, एवढंच.

मच्छीमारांचंही तसंच. २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना आणली, जाळ्यात कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे खोल पाण्यात काय फिरतंय याची दृश्य नोंद गेली कित्येक वर्षं खलाशांच्या फोनमधून होतेय. त्यांना नागरिक-वैज्ञानिक, म्हणजे विज्ञानासाठी नोंदी ठेवणारी साधी माणसं, म्हणून कुणी हार घातलेला मी तरी बघितला नाही.

२०२२ मध्ये उपग्रह टॅग, म्हणजे कासव कुठे फिरतंय ते उपग्रहाला कळवणारं यंत्र, लावलेल्या माद्यांची सगळीकडे चर्चा झाली. प्रथमा, सावनी, रेवा अशी गोड नावं, त्यांचे नकाशे आम्हीही रोज बघायचो. मला मात्र त्याहून जास्त भावली ती बिननावाची, पोहायच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा साधा बिल्ला असलेली. २०२१ मध्ये ओडिशात तो लावला होता, आणि २०२५ च्या जानेवारीत ती गुहागरला अंडी घालायला वर आली. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिमेला! त्या रात्री कुणीतरी विजेरीच्या उजेडात वाळू पुसून तो आकडा नीट वाचला, नीट लिहिला, म्हणून हे कळलं. त्या माणसाच्याही त्याआधीच्या किती रात्री रिकाम्या गेल्या असतील.

असो. मुद्द्याचं सांगते. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे, गुरुवार ते शनिवार मी पुण्याला. कासवमित्र फिरणारच, पण दक्षिणेकडचा दीड किलोमीटर त्याला एकट्याला होत नाही आणि लिहायला त्याचा हात रिकामा नसतो. तीन पहाटा कुणी येणार असेल तर सांगा. विजेरीला लाल कागद लावून आणा, पेन नको, दमट हवेत कागदावर उमटत नाही, पेन्सिल आणा. वही शाळेशेजारच्या घरात पडवीत खुंटीला टांगलेली आहे. काही दिसलं नाही तरी तारीख घालून लिहा, आणि किती वाजता निघालात, कुठपर्यंत गेलात तेही. मागच्या वेळी एकाने नुसती बरोबरची खूण केली होती, तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.