मार्थेला सेवेबद्दल दटावले नव्हते : एक खुलासा

‘येशूने मार्थेला सेवा केल्याबद्दल दटावले, म्हणून ख्रिस्ती माणसाने कामधाम बाजूला ठेवून प्रार्थनेत बसावे,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्याला बायबलमधील लूककृत शुभवर्तमानातील (लूकने लिहिलेल्या येशूचरित्रातील) १०:३८-४२ या वचनांचा आधार दिला जातो. वचने खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

येशू मार्थेच्या घरी पाहुणा आला, तेव्हा तिची बहीण मरीया त्याच्या पायांजवळ बसून त्याचे वचन ऐकत होती. मार्था पाहुणचाराच्या कामाने बेजार झाली होती आणि बहिणीने आपल्याला एकटीला राबायला ठेवले याची तुम्हांला पर्वा नाही काय, असे तिने प्रभूलाच विचारले. उत्तरात येशूने बोट ठेवले ते तिच्या चिंतेवर आणि दगदगीवर. काम सोडून दे, असे तो कुठेही म्हणत नाही. मरीयेने चांगला वाटा निवडला, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे व ते सौम्य करण्याचे कारण नाही.

शिवाय याच प्रसंगाच्या लगेच आधी, लुटारूंनी घायाळ केलेल्या वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधणाऱ्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) माणसाचा येशूने सांगितलेला दाखला येतो आणि तो ‘तूही तसेच कर’ या आज्ञेने संपतो. (मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी मागचे पान उलटले असते, तर बरे झाले असते.) योहानकृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात मार्था पुन्हा जेवण वाढताना दिसते आणि तेव्हा तिला कोणीही बोल लावत नाही.

सेवा हीच प्रार्थना, वेगळ्या एकांताची गरज नाही, हा उलट दावाही तितकाच लंगडा आहे. कारण मार्ककृत शुभवर्तमानातील १:३५ नुसार, आदल्या संध्याकाळी अनेक रोगी बरे केल्यानंतरही येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता.